बडोद्याच्या दप्तरातील इराण

डिसेंबर २०१३ ते फेब्रुवारी २०१४ या काळात मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियमकडील प्राचीन इराणच्या कलावस्तूंचे प्रदर्शन भरले होते, आणि बाबिलोन जिंकल्यावर तेथे आणून ठेवलेल्या देवमूर्ती स्वस्थानी परत पाठविल्याची व विस्थापित प्रजेला घरी जाऊ दिल्याची ग्वाही देणारा सम्राट सायरसचा जेमतेम वीतभर लांबीचा मृत्तिकालेख पाहताना, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या राज्यकर्त्याविषयी मनात आदर दाटून येई. परंतु परमुलुखातून आलेले प्रदर्शन मुदत सरताच परत जाते. त्याने जागविलेल्या जिज्ञासेस कायमचे अन्न पुरविण्याची जबाबदारी मुंबईपेक्षाही काकणभर अधिक बडोद्यावर आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पारशी धर्मविद्येचे माहेरघर असलेली नवसारी हे बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यातील एका प्रांताचे मुख्य ठाणे होते; इराणशहा हा पवित्र अग्नी १७४२ मध्ये उदवाड्यास स्थिरावण्यापूर्वी दीर्घकाळ तेथेच प्रज्वलित होता, आणि १८७२ मध्ये स्थापन झालेल्या तेथील मेहेरजी राणा ग्रंथालयाने अवेस्ता, पहलवी व फार्शी हस्तलिखिते निष्ठेने जतन केली आहेत. त्याच नवसारीच्या पुरोहितकुळातील दादाभाई नौरोजी १८७४ मध्ये बडोद्याचे दिवाण झाले. आणि १९२५ साली प्रसिद्ध झालेला फार्शी-मराठी कोश ज्यांनी सिद्ध केला, ते कवी माधव जूलियन १८९४ मध्ये बडोद्यातच जन्मले.

इतकी सामग्री हाताशी असता कमाटीबागेतील वस्तुसंग्रहालय, प्राच्यविद्या मंदिर आणि नवसारीचे ग्रंथालय यांनी एकत्र येऊन इराण व गुजरात यांच्या संबंधांचे एक स्थायी दालन उभारावे, आणि त्यातील माहितीफलक गुजरातीबरोबर मराठीतही लावावेत. सायरसच्या लेखासारख्या मूळ वस्तू मिळणार नाहीत, हा आक्षेप रास्त असला तरी निर्णायक नाही. अशा लेखाची उत्तम प्रतिकृती, तिच्याशेजारी नवसारीची पोथी आणि त्यांना जोडणारा स्थलांतराचा नकाशा एवढ्यानेही शाळकरी मुलाला ध्यानी येईल की, ज्यांना आपण प्राचीन परकीय म्हणतो त्यांचे वंशज आपल्याच राज्याचे कारभारी, शेजारी आणि हितकर्ते होते.

ज्या सयाजीराव महाराजांनी जगभरच्या कलावस्तू आणवून प्रजेच्या शिक्षणासाठी हे संग्रहालय उभारले, त्यांचे संस्थान १९४९ मध्ये विलीन झाले. त्यांनी पत्करलेले लोकशिक्षणाचे कर्तव्य मात्र बडोदेकरांकडे वारशाने आले आहे, आणि त्याची पुढची बाब हे दालन होय.