चाळीस कोठारांचं एक कोठार



स्नेहसंमेलनाच्या नाटकात काम केलंय ना तुमच्यापैकी कुणी कुणी? मग पुढचा घोटाळा तुमच्या लगेच लक्षात येईल. समजा, सरांनी नाटक सगळ्यांना वहीत उतरवून घ्यायला लावलं. दहा मुलं, दहा वह्या. तालमीत सरांना वाटलं, राजाचं वाक्य फार लांबलंय, शेवटचे चार शब्द काढून टाकू. राजाने आपल्या वहीतले शब्द खोडले. प्रधान नेमका त्या दिवशी गैरहजर! आणि तेच चार शब्द कानावर पडले की त्याने रंगमंचावर यायचं होतं. झालं! राजा बोलून थांबलाय, प्रधान विंगेत वाट बघतोय, आणि आपापल्या वहीप्रमाणे दोघंही अगदी बरोबर आहेत!

संगणकाच्या प्रोग्रॅमचंही असंच असतं, बरं का. प्रोग्रॅम म्हणजे संगणकाने काय काय करायचं, याची ओळीओळीने लिहिलेली संहिताच. तिला कोड म्हणतात. हा कोड जिथे ठेवतात ती जागा म्हणजे रिपॉझिटरी. आपण तिला कोठार म्हणू या. पण हे नुसतं पोती रचून ठेवायचं कोठार नव्हे. कुठली ओळ कुणी बदलली, कधी बदलली आणि कशासाठी, याची नोंद इथे किराणा दुकानदाराच्या खतावणीसारखी चोख असते. आज काही बिघडलं, तर कालचा कोड जसाच्या तसा परत काढता येतो.

आता प्रश्न असा, की एकमेकांशी नातं असलेले प्रोग्रॅम वेगवेगळ्या कोठारांत ठेवायचे, की सगळे मिळून एकाच कोठारात?

विंडोज तुम्ही शाळेच्या संगणक-कक्षात नाहीतर घरी पाहिलंच असेल. ते बनवते मायक्रोसॉफ्ट ही अमेरिकन कंपनी. २०१७ साली विंडोजवर सुमारे ४,००० इंजिनिअर काम करत होते आणि त्याच्या फाइल्स होत्या सुमारे ३५ लाख! या फाइल्स ४० हून जास्त कोठारांत विभागलेल्या होत्या. आता समजा, एखाद्या इंजिनिअरने एका कोठारातल्या कामाची पद्धत बदलली आणि त्या कामावर विसंबणारा कोड दुसऱ्या चार कोठारांत असला, तर? पाचही ठिकाणी बदल करायचे, आणि तेही जुळवून. एक जरी राहिला, तर प्रधान विंगेतच! अनेक कोठारांवर एकदम काम करता यावं म्हणून त्यांना एक खास साधन वेगळं बाळगावं लागे. एका घराला चाळीस कुलपं, आणि चाळीस किल्ल्या सांभाळायला आणखी एक माणूस, तशातली गत.

म्हणून त्यांनी ठरवलं, की सगळं विंडोज एकाच कोठारात आणायचं. आणि त्यासाठी निवडलं गिट.

गिटची थोडी ओळख करून देतो. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमध्ये जन्मलेल्या संगणकतज्ज्ञाने २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी गिट बनवलं. ते फुकट मिळतं आणि आज जगभरातले प्रोग्रॅमर ते वापरतात. त्याची रीत अशी, की प्रत्येकाने कोठाराची संपूर्ण प्रत, जुन्या नोंदींसकट, आपल्या संगणकावर घ्यायची. कोठार लहान असलं की ही रीत फार सोयीची. इंटरनेट बंद असलं तरी तुमचं काम थांबत नाही.

पण विंडोजचं कोठार भरत होतं सुमारे ३०० जीबी. आकडा नुसता वाचून सोडू नका, थोडा हिशोब करू. आई-बाबांच्या वेळी फ्लॉपी नावाची चौकोनी चकती असायची (विचारा त्यांना, आठवणी निघतील!). तिच्यात १.४४ एमबी मावायचे. म्हणजे एका विंडोजसाठी दोन लाखांहून जास्त फ्लॉप्या! एक फ्लॉपी साधारण ३.३ मिलिमीटर जाड धरली, तर एकावर एक रचल्यावर ढीग किती उंच होईल? कागद-पेन्सिल घ्या. उत्तर साडेसहाशे मीटरच्या पुढे गेलं पाहिजे.

एवढी प्रत उतरवून घ्यायला १२ तासांहून जास्त वेळ लागायचा. ‘मी काय काय बदललं?’ एवढंच गिटला विचारलं, तरी उत्तराला दहा मिनिटं. कारण गिट बिचारं एकेक करून सगळ्या फाइल्स तपासत बसायचं. दिवसातून वीस वेळा हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाने काम करायचं कधी?

कोठाराचे पुन्हा तुकडे पाडावेत, असाही विचार झाला. पण धागे इतके गुंतलेले, की कापायचं कुठे? शेवटी त्यांनी जी युक्ती काढली, ती मला फार आवडते. ग्रंथालयात हजारो पुस्तकं असतात. पण सभासद झाल्या झाल्या तुम्ही ती सगळी हातगाडीवर घालून घरी नेत नाही. यादी बघता आणि हवं ते एक पुस्तक मागता. तसंच इथे केलं. इंजिनिअरच्या संगणकावर ३५ लाख फाइल्सची नावं दिसायची, जणू सगळ्या तिथेच आहेत. प्रत्यक्षात फाइल उघडली, की त्या क्षणी ती मुख्य कोठारातून आणली जायची. आणि गिटनेही फक्त हात लागलेल्या फाइल्सच तपासायच्या. १२ तासांचं काम दीड मिनिटावर आलं! दहा मिनिटांचं उत्तर चार-पाच सेकंदांत मिळू लागलं.

मग आला परीक्षेचा दिवस. मार्च २०१७ मध्ये विंडोजचे सुमारे २,००० इंजिनिअर शुक्रवारी जुन्या पद्धतीने काम करून घरी गेले, आणि सोमवारी सकाळी आले ते थेट नव्या कोठारात! मधल्या शनिवार-रविवारी बदल करणाऱ्यांचा जीव किती टांगणीला लागला असेल! सोमवारी गाडी अडली असती, तर दोन हजार माणसं हात बांधून बसली असती. तसं झालं नाही. मे महिन्यापर्यंत चार हजारांपैकी साधारण साडेतीन हजार जण नव्या कोठारात काम करू लागले होते.

गूगलची गोष्ट तर याहून मोठी. तिथल्या बहुतेक इंजिनिअरांचं कोठार पहिल्यापासून एकच. जानेवारी २०१५ मध्ये त्यात सुमारे २०० कोटी ओळींचा कोड होता! मात्र अँड्रॉइड आणि क्रोम त्यांनी वेगळे ठेवले. त्यांचा कोड बाहेरच्या जगाला खुला आहे.

तुम्ही म्हणाल, एकाच कोठारात एकाने घोळ घातला, तर सगळ्यांचंच काम अडेल की! शंका अगदी रास्त आहे. एकत्र कुटुंबात भाजी खारट झाली, की अख्ख्या घराला पाणी प्यावं लागतं. म्हणून गूगलमध्ये कोठाराच्या प्रत्येक कप्प्याचे मालक ठरलेले असतात. त्यांच्या होकाराशिवाय त्या कप्प्यात बदल होत नाही. शिवाय बदल आत घेण्याआधी दुसरा कुणीतरी तो वाचतो आणि संगणक आपोआप चाचण्या घेतो. हा सगळा खटाटोप पेलवत नसेल, तर दोन-चार जणांच्या चमूने उगाच या वाटेला जाऊ नये, असं मला वाटतं. त्यांचे प्रोग्रॅम एकमेकांवर खरोखर अवलंबून असले, तर गोष्ट वेगळी.

मायक्रोसॉफ्टच्या त्या युक्तीचं पुढे काय झालं? तिथे मिळालेल्या अनुभवातून ‘स्कॅलर’ नावाचं साधन तयार झालं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ते खुद्द गिटमध्येच सामील झालं. तेव्हा तुमच्या ताईने किंवा दादाने कॉलेजसाठी संगणकावर गिट घेतलं असेल, तर त्याच्यासोबत स्कॅलरही आलं आहे का, ते विचारून बघा.