चित्राखाली नाव टाका, मग फी सांगा



"मी फुलं-पानं छान रंगवते, क्लास घेऊ का?" हा प्रश्न जळगाव-धुळ्यात मला बऱ्याच ताई विचारतात. घ्याच. पण आधी एक खरी गोष्ट ऐका.

पुण्याजवळ दापोडीला इंग्रजांच्या काळात सरकारी वनस्पती बाग होती. ती सांभाळणारे डॉ. अलेक्झांडर गिब्सन 1847 मध्ये मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. त्याच सुमारास त्यांनी इथल्याच एका चित्रकाराकडून झाडांची दीडशेहून जास्त चित्रं काढून घेतली. आज ती स्कॉटलंडमध्ये एडिनबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपून ठेवली आहेत. 2002 मध्ये हेन्री नोल्टी यांनी त्यांच्यावर पुस्तक काढलं. काढून घेणाऱ्याचं नाव पक्कं माहीत आहे. काढणाऱ्याचं? कुणालाच नाही.

आपण आजही तेच करतो भो. रुखवत सजवतो, भिंत रंगवून देतो, नाव टाकत नाही आणि "घरचंच काम" म्हणून पैसे घेत नाही. म्हणून पहिला नियम: प्रत्येक चित्राखाली तुमचं नाव, झाडाचं नाव, तारीख. हाच तुमचा ब्रँड.

आता शिकवायचं काय? गुलाब सगळेच शिकवतात. तुम्ही रावेर-यावलचं केळफूल घ्या. एक जांभळं आवरण उचललं की खाली फुलांची ओळ दिसते. सुरुवातीच्या ओळींच्याच पुढे केळीच्या फण्या होतात. आपण लहानपणापासून त्याची भाजी खातो, पण नीट पाहिलंय कुणी? भरताचं हिरवं वांगं, सातपुड्यातला पळस, उन्हाळ्यातला बहावा... कच्चा माल दारात आहे.

मनाला बरं वाटतं म्हणून लोक येतील, आणि ते खोटं नाही. 2016 मध्ये अमेरिकेत गिरिजा कैमल यांच्या टीमनं 39 जणांना 45 मिनिटं कलाकाम करू दिलं. सुमारे पाऊण लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी जोडलेलं हार्मोन, कमी झालं. कलाकृती चांगली येणं गरजेचं नव्हतं. पण माणसं फक्त 39, म्हणून पोस्टरवर "डिप्रेशन घालवा" लिहू नका. "दोन तास मोबाईल बाजूला, एक फूल समोर" एवढंच लिहा. जे देऊ शकता तेच विका. जास्त त्रास असलेल्याला डॉक्टरकडेच पाठवा.

आता हिशोब. समजा 8 जण, प्रत्येकी 300 रुपये: 2400. कागद, रंग, चहा माणशी 80: 640. हॉल 500. उरले 1260. क्लासचे दोन तास, तयारीचे तीन, म्हणजे तासाला 252 रुपये. हे परवडतं का, ते आधी वहीत ठरवा. "लोक काय म्हणतील" म्हणून फी 150 केलीत, तर हातात 60 रुपये उरतात. दिवसभराचे!

स्वस्त क्लास लवकर बंद पडतो, आणि मग शिकणाऱ्याचंही नुकसान होतं. म्हणून फी मागणं हा लोभ नाही.

या आठवड्यात एकच करा: एक केळफूल आणा, काढा, खाली सही करा. आवडलं नाही तरी सही करा.

चला, कामाला लागा!