बाबांच्या दंडावरची सुई

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस


गेल्या पेरणीत माझ्या बाबांच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला. वय ६१, आयुष्य मातीत गेलेलं. काटा त्यांनी सुईनं उकरून काढला, वर हळद दाबली आणि पुन्हा तिफणीमागे गेले. आठव्या दिवशी त्यांना भाकरी चावेना. आम्हाला वाटलं, दाढ धरली असेल. दुसऱ्या दिवशी दातखीळ बसली, पाठ धनुष्यासारखी ताणली गेली. अतिदक्षता विभागात त्यांच्याभोवती अंधार करून ठेवला होता, कारण नुसतं दार वाजलं तरी त्यांना झटका यायचा. २३ दिवसांनी ते घरी आले.

निघताना डॉक्टरांनी त्यांना धनुर्वाताची लस टोचली. आई चकित झाली. रोग होऊन गेला, आता लस कशाला? डॉक्टर म्हणाले, हा रोग होऊन गेला तरी अंगात प्रतिकारशक्ती येत नाही. याआधीची लस कधी घेतली होती, असंही त्यांनी विचारलं. बाबांना एकही आठवेना. आईला मात्र आठवत होतं: आम्हा तिघा भावंडांच्या वेळी नर्सबाईंनी तिला टीटी, म्हणजे धनुर्वाताचीच लस, दिली होती.

मंत्रिमहोदय, एकाच घरातला हा फरक आपल्या वेळापत्रकातून आला आहे. गरोदर बायांना लस मिळत गेली आणि २०१५ मध्ये माता व नवजात बाळांच्या धनुर्वाताचं देशातून निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. आरोग्यसेविका आणि आशाताईंनी दारोदार फिरून मिळवलेलं हे यश आहे. पण मुलग्याला सोळाव्या वर्षी टीडी या धनुर्वाताच्या लसीचा डोस दिला की पुढे त्याच्यासाठी रकानाच नाही. बाबांच्या पिढीला तर तोही नव्हता. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ चा.

गोवराची लस आजूबाजूच्यांनी घेतली तर न घेतलेल्यालाही थोडा आडोसा मिळतो. धनुर्वाताचं तसं नाही. त्याचे जंतू मातीत, शेणखतात असतात, माणसाकडून माणसाकडे जात नाहीत. अख्ख्या गावानं लस घेतली, तरी राहिलेला एकटा उघडाच.

मी एका आरोग्य केंद्रात विचारलं, मोठ्यांना टीडी मिळेल का? उत्तर आलं, जखम झाली की या. ज्यानं आयुष्यात एकही डोस घेतलेला नाही, त्याला घाणेरड्या जखमेनंतरची एक सुई पुरत नाही. आणि काट्याला जखम म्हणतं कोण?

गरोदर बायांसाठी टीडी उपकेंद्रात येतेच. त्याच दिवशी, त्याच टेबलावर प्रौढांना सुरुवातीचे तीन डोस द्या, हातात कार्ड द्या आणि दहा वर्षांनी पुढच्या डोसची आठवण करून द्या. मोठी माणसं लसीला येतात, हे २०२१ मध्ये कोविड लसीच्या रांगांनी दाखवलं आहे. हिपॅटायटिस-बीच्या लसीतही मोठी माणसं अशीच राहून गेली. ती लस बाळांना देशभर २०११ पासून मिळते. त्याआधी जन्मलेले कितीतरी सफाई कामगार कचऱ्यातल्या सुया तिच्याविना उचलतात.

बाबांचा तिसरा डोस येत्या मृगाआधी आहे. आईनं तारीख कालनिर्णयवर लिहून ठेवली आहे. परवा शेजारच्या काकांनी ती वाचली आणि विचारलं, "मला कुठं मिळंल गं?" त्यांना काय सांगू, तेवढं कळवा.

आपली नम्र,
एका शेतकऱ्याची मुलगी