धाप फुफ्फुसाची, उपाय पायांचा

आपल्या सातारा-सांगलीकडच्या बहुतेक मोहल्ल्यांत एखादी दादी किंवा नानी अशी असते, जिला वजू करून परत येईपर्यंत धाप लागते. घरचे प्रेमानं म्हणतात, "तुम्ही बसा दादी, उठू नका." पाणी हातात, जेवण खाटेवर, नमाज खुर्चीवर. सुना-नातवंडं मनापासून खिदमत करतात. सहा महिन्यांनी पाहावं तर दादीला न्हाणीघरापर्यंत जायलाही आधार लागतो, आणि सगळे म्हणतात, आजार वाढला.

फुफ्फुसाचा आजार दरवेळी वाढलेलाच असतो असं नाही. पुष्कळदा वाढलेली असते ती मांड्यांची कमजोरी.

या आजाराला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. आपण सरसकट 'दमा' म्हणतो, पण दम्यात अटक ओसरली की श्वास बराच मोकळा होतो. इथं श्वासनळ्या कायमच्या अरुंद होतात, फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या झिजतात आणि आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. बिडी-सिगारेट हे मोठं कारण, पण एकटं नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 2009 साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं की, जगभरच्या रुग्णांपैकी 25 ते 45 टक्के लोकांनी आयुष्यात कधी धूम्रपान केलेलं नसतं. आपल्या आयाबहिणींना हे सांगायला लॅन्सेट कशाला हवं? चाळीस वर्षं चुलीसमोर फुंकणी घेऊन बसल्यावर काय होणार! त्यात आपल्याकडं गुऱ्हाळाचा धूर आहे, उसाचं पाचट पेटवणं आहे. आणि राग मानू नका, पण दर जुमेरातीला बंद खोलीत लोबान जाळणंही आहे. ज्या घरात दम लागणारं माणूस आहे, तिथं तरी लोबान नको.

आता पायांकडं येऊ. धाप लागते म्हणून माणूस बसतो. बसून राहिल्यानं मांड्यांचे स्नायू वाळतात. वाळलेले स्नायू थोड्या कामातच थकतात आणि तेवढ्याच कामाला जास्त श्वास मागतात. मग धाप आणखी लवकर लागते आणि माणूस आणखी बसतो. इन्हेलर श्वासनळ्या सैल करतं, वाळलेली मांडी भरून आणत नाही.

'छातीचा आजार म्हणजे आराम' हे आपल्या भागात फार खोल रुजलं आहे, आणि त्याला इतिहास आहे. पाचगणीत डॉ. बिलिमोरियांनी 1912 साली क्षयरोग्यांसाठी बेल-एअर सुरू केलं. सांगली-मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीचं नावही डॉ. वानलेस यांच्या क्षयरोग आरोग्यधामामुळंच पडलं. क्षयावर औषध नव्हतं त्या काळी मोकळी हवा, सकस अन्न आणि पडून राहणं हाच इलाज होता. क्षयाला आता गोळ्या आहेत, तरी खाट मात्र आपण सीओपीडीच्या रुग्णाला देऊन टाकली.

आजचा इलाज उलट आहे. त्याला फुफ्फुस पुनर्वसन म्हणतात. आठवड्यातून दोन-तीन वेळा, सहा ते आठ आठवडे, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली चालणं, पायांचे व्यायाम आणि श्वास सोडण्याची पद्धत शिकवतात. आधी आणि नंतर सहा मिनिटांत माणूस किती मीटर चालतो ते मोजतात. शाळेतल्या चाचणीसारखंच, म्हणून आम्हाला ते आवडलं.

काहींना मात्र एवढंही झेपत नाही. त्यांच्यासाठी एक नवं साधन आलं आहे, थरथरणारा पाट. त्यावर उभं राहून, कठडा धरून, गुडघे थोडे वाकवायचे आणि सरळ करायचे. पाट सेकंदाला वीस-पंचवीस वेळा डावी-उजवीकडं हलतो. तोल सावरण्यासाठी मांडी-पोटरीचे स्नायू आपोआप आखडतात, म्हणजे थोड्या वेळात जास्त काम होतं आणि धाप फारशी वाढत नाही. जर्मनीतल्या बव्हेरियाच्या डोंगरातल्या एका रुग्णालयानं 2012 साली यावर अभ्यास प्रसिद्ध केला. तीन आठवड्यांनी पाटावर व्यायाम केलेले रुग्ण सहा मिनिटांच्या चाचणीत इतरांपेक्षा सरासरी 27 मीटर जास्त सुधारले. आकडा लहान वाटेल, पण खाटेवरून न्हाणीघर किती मीटरवर आहे ते मोजून पाहा.

यात एक मेख आहे. दोन्ही गटांचा नेहमीचा व्यायाम चालूच होता, पाट ही वरची भर होती. त्यामुळं 'फक्त उभे राहा, बाकी मशीन करेल' अशा जाहिराती पाहून वजन घटवण्याचं मशीन घरी आणू नका. नुकतं हाड मोडलेलं असेल, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ असेल, ताजं ऑपरेशन किंवा मुतखडा असेल, तर हा पाट वर्ज्य. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यावर चढूच नये.

पाट मिळाला नाही तरी अडत नाही. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा कराडचं कृष्णा रुग्णालय इथं छातीच्या डॉक्टरांना भेटून 'व्यायाम कोणता आणि किती' एवढं स्पष्ट विचारा. कराडला फिजिओथेरपीचं महाविद्यालयही आहे. त्यांनी होकार दिला की घरची खुर्ची पुरते. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून उठायचं, बसायचं. सुरुवातीला पाच वेळा, मग हळूहळू वाढवत. उठताना, गरम चहावर फुंकर घालावी तसा ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायचा. थोडी धाप लागणारच, बोलता येतंय तोवर घाबरू नये. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा बोटाच्या ऑक्सिमीटरवर आकडा 88 च्या खाली गेला तर थांबावं आणि डॉक्टरांना कळवावं.

नमाजेच्या खुर्चीबद्दलही विचारणा होते. जेवढं उभं राहता येतं तेवढं उभं राहावं, दम लागला की बसावं, ही मुभा शरिअतनं आजारी माणसाला दिलेलीच आहे. तेव्हा दादीची खुर्ची मुसल्यावर असू द्या, पण पहिल्या रकातीला ती उभी राहू पाहत असेल, तर कुणी खांदा दाबून तिला खाली बसवू नका.