इमारतीला परवानगी मिळाली म्हणून वाट संपत नाही

बांधकामाला मंजुरी मिळाली की विषय संपला, असं आपण धरून चालतो. मी नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये राहतो. आमच्या वस्तीतून शाळेकडे आणि पुढे मशिदीकडे जाणारी एक सार्वजनिक पायवाट आहे. ती जिथून जाते त्या मोकळ्या जमिनीवर घरं बांधायला मंजुरी मिळाली आणि काही दिवसांनी पायवाट वळवण्याची नोटीस लागली. वस्तीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बहुतेकांचं म्हणणं एकच होतं : "आता लिहून काय उपयोग? परवानगी तर देऊन झाली."

उपयोग आहे, कारण हे दोन वेगळे निर्णय आहेत.

इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे 2 लाख 25 हजार किलोमीटर लांबीच्या सार्वजनिक वाटा नोंदलेल्या आहेत. वाटेखालची जमीन खासगी असू शकते, पण तिच्यावरून चालण्याचा हक्क लोकांचा असतो. बांधकामाच्या परवानगीने हा हक्क आपोआप रद्द होत नाही. त्यासाठी 1990च्या नगर नियोजन कायद्याच्या कलम 257 खाली स्वतंत्र आदेश काढावा लागतो. मंजूर बांधकाम करण्यासाठी वाट हलवणं गरजेचं आहे, असं प्रशासनाला पटलं पाहिजे. 'सोयीचं' आणि 'गरजेचं' यांत फरक आहे. घरं जराशी सरकवून वाट वाचत असेल, तर तो प्रश्न विचारलाच पाहिजे.

गरज सिद्ध झाली तरी आदेश द्यायलाच हवा असं नाही. तीसहून अधिक वर्षांपूर्वी तिथल्या अपील न्यायालयाने एका रेस्टॉरंटमालकाच्या खटल्यात स्पष्ट केलं की, रस्ता बंद झाल्याने ज्यांचं नुकसान होणार आहे, त्यांचाही विचार निर्णय घेताना झाला पाहिजे. परवानगीचा कागद दाखवून त्यांना गप्प करता येत नाही.

या प्रक्रियेत सामान्य माणसाला खरी ताकद आहे. नोटीस स्थानिक वर्तमानपत्रात येते, वाटेच्या दोन्ही टोकांना लागते आणि हरकतीसाठी किमान 28 दिवस मिळतात. हरकत नोंदवायला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. कोणीच हरकत घेतली नाही, तर कौन्सिल स्वतःचाच आदेश स्वतः कायम करू शकते. एक जरी हरकत टिकून राहिली, तरी निर्णय कौन्सिलच्या हातातून जातो आणि प्रकरण सरकारी निरीक्षकापुढे येतं. पाचशे सह्या आणि 29वा दिवस, यापेक्षा एक नीट लिहिलेलं पत्र आणि 10वा दिवस केव्हाही चांगला.

घरं नकोत, असं मी म्हणत नाही. ती हवीतच. घरभाड्याने मेटाकुटीला आलेली कुटुंबं आपल्या ओळखीतही आहेत. शिवाय घरं असावीत की नसावीत, हा वाद या टप्प्यावर कोणी ऐकूनही घेत नाही. 'आमच्यावर अन्याय' अशी लांबलचक पत्रं इथेच वाया जातात. पत्रात मोजता येतील अशा गोष्टी लिहाव्यात. नवी वाट किती मीटरने लांब पडते? रुंदी किती? चढ किती? व्हीलचेअर, बाळाची गाडी जाईल का? पहाटे आणि रात्री दिवे असतील का? दोन्ही बाजूंनी उंच कुंपण घातलेल्या बोळातून एकटी बाई किंवा शाळेतली मुलगी निर्धास्त जाईल का? वाटेचा वापर कोण, कधी, कशासाठी करतं, हे नकाशा काढणाऱ्याला माहीत नसतं. ते आपल्यालाच माहीत असतं.

माझ्या कामात एक साधा नियम आहे : नवी सिस्टीम नीट चालते याची खात्री होईपर्यंत जुनी बंद करायची नाही. इथेही तेच मागता येतं. नवी वाट तयार झाल्याचं प्रमाणित होईपर्यंत जुनी बंद होणार नाही, अशी अट आदेशात घालता येते. ती मागावी लागते. मागितली नाही, तर वर्षभर पत्र्याच्या कुंपणाला वळसा घालून जायची वेळ येते, आणि तो त्रास म्हातारी माणसं, मुलं आणि गाडी नसलेले लोकच भोगतात.

गावाकडच्या मित्रांनाही हे लागू आहे. आमच्या कोकणात कोणी पाखाडी अडवली की महिनोन्‌महिने चहाच्या टपरीवर चर्चा होते. पण शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट अडवली, तर 1906च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे सहा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो, हे किती जणांना ठाऊक असतं? कायदे दोन देशांचे आहेत, पण मुदत कोणासाठी थांबत नाही.

नागरिक असणं म्हणजे फक्त मतदान आणि मोर्चा नाही. खांबावरची नोटीस थांबून वाचणं, तिचा फोटो काढून शेवटची तारीख ग्रुपवर टाकणं, ज्यांना इंग्रजी जमत नाही त्यांचं म्हणणं त्यांच्या नावाने लिहून देणं, हीसुद्धा नागरिकाची कामं आहेत. शिकलेल्या तरुणाला यासाठी एक संध्याकाळ पुरते. तेवढी दिली नाही, तर आपण रोज कुठून चालायचं हे जे कधी त्या वाटेने गेलेच नाहीत ते ठरवतील.