रिपोर्टावर नाव कोणाचे?

गेल्या महिन्यात संध्याकाळी दवाखाना बंद करण्याच्या वेळी एक तरुण आत आला. बरोबर पेशंट नव्हता, हातात फक्त शहरातल्या लॅबचे पाकीट होते. खुर्चीवर बसण्याआधीच त्याने दार लोटून घेतले आणि हलक्या आवाजात म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आबांचा रिपोर्ट आलाय. प्रोस्टेटचा कॅन्सर निघालाय. पण आबांना काही सांगू नका, ते खचतील. कुठं न्यायचं तेवढं सांगा. ऑपरेशन याच आठवड्यात उरकून टाकू."

आबा म्हणजे आमच्या भागातले निवृत्त शिक्षक, वय 68. मी त्यांना गुरुजीच म्हणतो. आयुष्यभर दुसऱ्यांचे पेपर तपासलेल्या या माणसाला स्वतःचा रिपोर्ट मात्र वाचू द्यायचा नव्हता. मुलगा वाईट नाही, उलट बापावर जीव असलेला आहे. पण त्याच्या त्या दोन वाक्यांत आपल्याकडे घरोघरी होणाऱ्या दोन चुका आहेत. पहिली लपवण्याची आणि दुसरी घाईची. आज त्यांच्याविषयी लिहितो. गुरुजींनी नाव न घालता लिहायला परवानगी दिली आहे.

वीस वर्षांपूर्वी असाच निरोप आला तेव्हा मी मान डोलावली होती. ते एक शेतकरी होते, आम्ही त्यांना तात्या म्हणत असू. कंबरदुखीने बेजार होते. तपासणीत प्रोस्टेटचा कर्करोग हाडांपर्यंत गेलेला आढळला. मुलांनी ठरवले की तात्यांना सांगायचे नाही, आणि मीही गप्प बसलो. शहरात नेऊन त्यांची दोन्ही वृषणे काढण्याची शस्त्रक्रिया झाली. तात्यांना मात्र 'लघवीच्या त्रासाचं छोटं ऑपरेशन' एवढेच ठाऊक होते. कागदावर त्यांचा अंगठा होता, पण तो कशासाठी घेतला हे कोणी त्यांना सांगितले नव्हते. उपचार वैद्यकीयदृष्ट्या चुकीचा नव्हता, कंबरही पुष्कळ थांबली. पण ड्रेसिंगच्या वेळी त्यांच्या ध्यानात यायचे ते आलेच. पंधरा दिवसांनी ते एकटे माझ्याकडे आले आणि म्हणाले, "डॉक्टर, वावर विकायचं असतं तर सातबाऱ्यावर माझं नाव म्हणून मला विचारलं असतं. अंग काय पोरांच्या नावावर होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. तात्या त्यानंतर चार वर्षे जगले, पण माझ्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढले नाहीत. म्हणून परवा मी गुरुजींच्या मुलाला सांगितले, "उद्या आबांना घेऊन ये, आईंनाही आण. मी सांगतो, तू फक्त शेजारी बस."

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. थोडा वेळ खिडकीकडे पाहत राहिले आणि मग विचारले, "डॉक्टर, किती दिवस?" बहुतेक जण हाच प्रश्न विचारतात. उत्तर रिपोर्टातच असते, पण तो नीट वाचावा लागतो. वाचकहो, गुरुजींना जे समजावले तेच आपल्यासाठी मांडतो.

प्रोस्टेट ही पुरुषांमध्ये मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती असणारी अक्रोडाएवढी ग्रंथी आहे. वयानुसार ती बहुतेकांची वाढते. रात्री चार वेळा उठावे लागणे, लघवीची धार बारीक होणे हे त्रास बहुधा या साध्या वाढीचे असतात. ती वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. सुरुवातीच्या कर्करोगात तर पुष्कळदा काहीच त्रास नसतो.

रक्तातल्या पीएसएच्या तपासणीत आकडा 4 च्या पुढे गेला की लोक घाबरतात. पण साधी वाढ, लघवीचा जंतुसंसर्ग, नुकतीच घातलेली नळी यांमुळेही तो चढतो. संसर्ग असेल तर उपचार करून काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी. उलट प्रोस्टेट लहान करण्याची फिनास्टेराइडसारखी गोळी काही महिने चालू असेल तर आकडा जवळजवळ निम्म्यावर येतो, म्हणून चालू गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना जरूर दाखवावी. पीएसएवरून फक्त संशय येतो. निदान होते ते तुकड्याच्या तपासणीत, म्हणजे बायॉप्सीत. आजकाल त्याआधी एमआरआय करून संशयाची जागा पाहतात. 'तुकडा काढला की गाठ पसरते' ही समजूत आपल्याकडे फार आहे. तिला घाबरून बायॉप्सी टाळणारे लोकच रोग पसरल्यावर येतात.

बायॉप्सीच्या कागदावर 'ग्लीसन स्कोर' लिहिलेला असतो. पेशी किती बिघडल्या आहेत याचे ते माप आहे. गुरुजींच्या मुलाने 10 पैकी 7 वाचले आणि 70 टक्के रोग असा हिशेब केला. तसे नसते. प्रत्यक्षात हे माप 6 पासून सुरू होते. 6 हा सर्वांत सौम्य, 7 मधला आणि 8 ते 10 जोरकस. हल्ली याच मापाचे 1 ते 5 असे गटही लिहितात. तेव्हा तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात: पीएसए किती, पेशींचा गट कोणता, आणि रोग ग्रंथीच्या आत आहे की बाहेर. गुरुजींचा पीएसए 9, ग्लीसन 3 अधिक 4 म्हणजे 7, गट 2, आणि रोग ग्रंथीच्या आतच. म्हणजे मधला धोका.

आता घाईबद्दल. ग्रंथीच्या आत असलेला हा कर्करोग बहुधा सावकाश वाढतो. निर्णयासाठी काही आठवडे घेतले तर बिघडत नाही, आणि ते घ्यावेत असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र लघवी पूर्ण अडली, किंवा निदान झालेल्या रुग्णाच्या पायांतली ताकद अचानक गेली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर मणक्यावर दाब आलेला असू शकतो. तेव्हा त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. तिथे थांबू नये.

उपचारांचे मार्ग मुख्यतः चार. पहिला, लक्ष ठेवणे. सौम्य गटातल्या रोगाला लगेच हात न लावता ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय आणि गरजेप्रमाणे पुन्हा बायॉप्सी करायची, रोग सरकला तर उपचार करायचे. आपल्या लोकांना हा उपचार वाटतच नाही. 'कॅन्सर आहे आणि डॉक्टर नुसते बघत बसलेत' असे म्हणतात. पण लक्ष ठेवणे म्हणजे दुर्लक्ष नव्हे. ज्याला तारखा पाळणे जमणार नाही त्याने मात्र हा मार्ग धरू नये.

दुसरा मार्ग शस्त्रक्रियेने पूर्ण ग्रंथी काढण्याचा. तिसरा किरणोपचारांचा, ज्याला आपल्याकडे 'लाईट देणे' किंवा 'शेक' म्हणतात. त्यासाठी पुष्कळ ठिकाणी चार ते आठ आठवडे, आठवड्यातले पाच दिवस जावे लागते. काहींना सोबत काही महिने हार्मोनची इंजेक्शने देतात.

चौथा मार्ग रोग पसरलेला असतानाचा. पुरुषी हार्मोन तोडला की हा रोग दबतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवले आणि 1966 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यासाठी वृषणे काढतात किंवा एक वा तीन महिन्यांनी इंजेक्शन देतात. रोगावरचा परिणाम साधारण सारखाच. शस्त्रक्रिया एकदाच आणि स्वस्त, पण केलेली परत फिरवता येत नाही. इंजेक्शन थांबवता येते, पण खर्च चालू राहतो. आता यासोबत अबिराटेरॉनसारख्या गोळ्या दिल्या तर आयुष्य वाढते असे मोठ्या चाचण्यांत दिसले आहे. म्हणजे पसरलेल्या रोगातही हातपाय गाळण्याचे कारण नाही.

'पण यांतला सर्वांत चांगला कोणता?' गुरुजींच्या मुलाने विचारलेच. ब्रिटनमध्ये 'प्रोटेक्ट' नावाची मोठी चाचणी झाली. 50 ते 69 वयाच्या, रोग ग्रंथीच्या आत असलेल्या 1643 पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटले: लक्ष ठेवणे, शस्त्रक्रिया, किरणोपचार. सुमारे 15 वर्षांनंतरचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. तिन्ही गटांत मिळून या कर्करोगाने मृत्यू पावलेले 100 पैकी तिघांपेक्षाही कमी होते आणि गटागटांत फारसा फरक नव्हता. लक्ष ठेवण्याच्या गटात रोग पसरण्याचे प्रमाण मात्र जास्त होते, 100 पैकी सुमारे 9. बाकी दोन्हींत सुमारे 5. त्या गटातल्या निम्म्याहून अधिक लोकांनी पुढे शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार घेतलेही. या चाचणीतले बहुतेक रुग्ण सौम्य किंवा मधल्या धोक्याचे होते, जोरकस रोगाला हे आकडे लावू नयेत.

मरणाच्या हिशेबात मार्ग इतके जवळ असतील तर निवड कशावर करायची? जगण्यावर. शस्त्रक्रियेनंतर लघवी थेंब थेंब गळण्याचा त्रास होतो. पुष्कळांचा तो काही महिन्यांत कमी होतो, काहींचा राहतो. वैवाहिक संबंधांत ताठरता कमी होते, कधी जाते. किरणोपचारांत शौचाच्या जागेचा त्रास, कधी रक्त, लघवीची जळजळ होऊ शकते. हार्मोनच्या उपचारांनी अंगातून गरम वाफा निघतात, हाडे ठिसूळ होतात, थकवा येतो, इच्छा मरते. यांतले काय आपण सोसू शकतो हे मुलगा, जावई किंवा डॉक्टर कसे ठरवणार? धोतर ओले होण्याची लाज कोणाला मरणाहून वाईट वाटते, तर कोणाला त्याचे काही वाटत नाही. ते ज्याचे त्यालाच ठाऊक. म्हणून मी म्हणतो की रिपोर्ट ज्याच्या नावाचा, निर्णयही त्याच्याच नावाचा.

याचा अर्थ त्याला एकटे सोडा असा नाही. बायकोला सोबत न्या. सोसायचे तिलाही असते आणि पुष्कळदा तीच जास्त धीराची निघते. शल्यविशारद आणि किरणोपचार तज्ज्ञ या दोघांचेही मत घ्या. शस्त्रक्रिया करणाऱ्याला शस्त्रक्रिया आणि लाईट देणाऱ्याला लाईट बरी वाटणे माणसाच्या स्वभावाला धरूनच आहे. जाण्यापूर्वी कागदावर प्रश्न लिहून न्या: माझा रोग कोणत्या गटातला? काहीच केले नाही तर काय होईल? हे ऑपरेशन तुम्ही वर्षाला किती करता? लघवी गळण्याची शक्यता किती? पूर्ण खर्च किती? अशा प्रश्नांवर चिडणारा डॉक्टर भेटला तर खुशाल दुसरा शोधा.

पैशांचेही उघड बोला. मुलगा घर गहाण टाकून रोबोटचे ऑपरेशन करायला निघाला होता. रोबोटने रक्त कमी जाते, मुक्काम कमी होतो हे खरे. पण रोबोटही माणसाच्याच हातांनी चालतो, आणि त्या हातांचा अनुभव मोठा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात, त्यासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा. 70 वर्षांवरील ज्येष्ठांना 2024 पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान कार्ड मिळते. मुंबईला परळचे टाटा स्मारक रुग्णालय 1941 पासून हेच काम करते आहे. कर्ज हा शेवटचा उपाय असावा.

'सांगितले तर खचतील' ही भीती खोटी नाही. गुरुजीही आठ दिवस जेवले नाहीत धड. पण माणूस न सांगताही ओळखतो. घरात कुजबुज सुरू होते, तो आला की बोलणे थांबते, आणि मग त्याला रोगापेक्षा एकटेपणाच जास्त खातो. नेल्सन मंडेला यांना 2001 मध्ये हाच कर्करोग झाला, त्यांनी तो जगाला सांगितला, किरणोपचार घेतले आणि 2013 मध्ये वयाच्या 95 व्या वर्षी ते गेले. प्रत्येकाचे असेच होते असे नाही. पण हा शब्द ऐकला म्हणजे सगळे संपले, असेही नाही.

गुरुजींनी तीन आठवडे घेतले. दोन्ही तज्ज्ञांना भेटले. त्यांची पूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, भूल देण्यात थोडा धोका, म्हणून त्यांनी किरणोपचार निवडले. जवळपास असाच रिपोर्ट असलेल्या माझ्या दुसऱ्या एका रुग्णाने, वय 59, शस्त्रक्रिया निवडली. दोघांचेही बरोबर आहे. तेव्हा 'गुरुजींना दिलं तेच आम्हाला द्या' असे म्हणत कृपया कोणी येऊ नये.

शहरात जाण्याच्या आदल्या दिवशी गुरुजी पत्नीसह आले होते. संमतीचा छापील कागद आधीच मागवून घेतला होता. त्यात एका ओळीखाली पेन्सिलने रेघ मारून म्हणाले, "डॉक्टर, एवढं समजलं नाही. समजावून सांगा, मग सही करतो." मला त्या क्षणी तात्यांचा अंगठा आठवला. मी बाहेरच्या पेशंटांना थोडे थांबायला सांगितले आणि ती ओळ त्यांना समजावून सांगितली.