ताटात काय आहे, ते आधी सांगा

टोकियोत चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानांत ओनिगिरी हमखास मिळते. भाताची त्रिकोणी मूद, आत सॅमनचा तुकडा, बाहेरून समुद्री शेवाळाचा पातळ पापुद्रा. वरवर पाहता यात वर्ज्य काहीच नाही. तरीही नियम पाळणारा मुस्लिम पर्यटक पाकीट उलटतो आणि मागचा जपानी मजकूर फोनच्या कॅमेऱ्यापुढे धरतो, कारण चवीसाठी मिरिन घातलेली असू शकते. मिरिन ही तांदळाची गोडसर दारू. अस्सल मिरिनमध्ये सुमारे १४ टक्के अल्कोहोल असते आणि आपल्या आमटीत गुळाचा खडा पडावा तितक्या सहज ती तिथल्या पदार्थांत पडते. शेजारच्या पावात शॉर्टनिंग, म्हणजे घट्ट स्निग्ध पदार्थ, असू शकतो. तो वनस्पतीचा की प्राण्याच्या चरबीचा, हे पाकिटावर असेलच असे नाही.

रामेनचे, म्हणजे रश्शातल्या नूडल्सचे, दुकान त्याहून अवघड. ‘डुकराचे मांस नको’ म्हटले की वरचे काप काढून वाडगा पुढे येऊ शकतो. पण तोनकोत्सु रामेनचा रस्साच मुळी डुकराची हाडे तासन्‌तास उकळून केलेला असतो. स्वयंपाक्याच्या मनात फसवणूक नसते. त्याच्या लेखी मांस म्हणजे डोळ्यांना दिसणारा तुकडा. पुण्या-मुंबईचा शाकाहारी पर्यटकही इथेच अडकतो: मिसो सूपमध्ये टोफू तेवढा दिसतो, पण त्यातली दाशी, म्हणजे सूपचा मूळ रस्सा, बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाची असते.

जपानला याची फिकीर नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१३ मध्ये मलेशियाच्या आणि २०१४ मध्ये ई-पासपोर्टधारक इंडोनेशियन पर्यटकांना व्हिसातून सूट मिळाली, तसे बाजारानेही वळण घेतले. ‘कोको इचिबान्या’ या करीच्या साखळीने २०१७ मध्ये टोकियोच्या अकिहाबारा भागात हलाल शाखा उघडली. टोकियोतल्याच असाकुसात हलाल रामेन मिळते, शिन-ओकुबोच्या गल्लीत हलाल मटणाची दुकाने आहेत. कोबेत तर १९३५ पासून मशीद उभी आहे, आणि तिच्या उभारणीत भारतीय व्यापाऱ्यांच्या देणग्यांचा मोठा वाटा होता.

अडचण प्रमाणपत्रांची आहे. ती खासगी संस्था देतात आणि त्यांचे निकष सारखे नाहीत. आठ खुर्च्यांच्या खाणावळीला वेगळे स्वयंपाकघर, वेगळी भांडी परवडत नाहीत. मग दारावर ‘मुस्लिम-फ्रेंडली’ अशी पाटी लागते. तिचा अर्थ दुकानागणिक बदलतो.

शिवाय खाणाऱ्यांचेही एकमत नसते. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई पंथाचे. इंडोनेशिया-मलेशियातले बहुसंख्य मुस्लिमही त्याच पंथाचे. त्यांना समुद्रातले जवळजवळ सगळे चालते. हनफी पंथात मासा चालतो, खेकडा आणि माकूल नाही. कोळंबीवर तर विद्वानांतच मतभेद. म्हणजे रत्नागिरीचा शाफई आणि औरंगाबादचा हनफी माणूस टोकियोत एकाच टेबलावर बसले, तर एकाच ताटातले दोघांना सारखे चालेल असे नाही. दोघांनाही जिच्यावरून निर्णय घेता येईल अशी एकच गोष्ट आहे: पदार्थात काय काय घातले, याची पूर्ण यादी.

पाहुण्याने यजमानाच्या घरी मिळेल ते खावे, असा आक्षेप घेतला जातो. पण इथे कुणी जपान्यांना रस्सा बदलायला सांगत नाही. माहिती मागणे म्हणजे हट्ट नव्हे. ती द्यायची यंत्रणाही तयार आहे. ॲलर्जीमुळे गहू, अंडी, दूध, कोळंबी, खेकडा यांचा पाकिटावर उल्लेख करणे जपानी कायद्याने सक्तीचे आहे. डुकराचे मांस आणि जिलेटिन मात्र ‘नोंदवावे’ अशा शिफारशीच्या यादीत आहेत. हे दोन घटक सक्तीच्या यादीत आणावेत, त्यांच्या जोडीला चरबीचा स्रोत आणि स्वयंपाकातली दारू नोंदवावी.

हा नियम पाकिटबंद मालापुरता आहे, खाणावळींना तो लागू नाही. २०२४ मध्ये जपानला ३ कोटी ६८ लाखांहून अधिक परदेशी पर्यटक आले. त्यांची वर्दळ असलेल्या क्योटो, ओसाका, टोकियोच्या भागांत तरी प्रत्येक खाणावळीने रस्सा कशाचा, तेल कोणते, मिरिन आहे की नाही, एवढे एका कागदावर इंग्रजीत लिहून भिंतीला लावावे. त्यासाठी ना वेगळे स्वयंपाकघर लागते, ना प्रमाणपत्राची फी.